पहाटे चारचा चहा

"आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे म्युनिकला आलेत, महिनाभरासाठी. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. मी दहा दिवस रजा टाकली, रोजचं वेळापत्रक केलं. नॉयश्वानस्टाइन किल्ला, जानेवारीत पॅरिस, सगळं आधीच बुक. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, 'तुम्ही जाऊन या, मी घरीच बरा. बर्फच ना? तो आपल्या महाबळेश्वरलाही पडतो.' आईनंही पर्स खाली ठेवली. मी बोलून गेले, 'एवढा खर्च करून सोफ्यावर बसायला आणलंय का तुम्हाला?' तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. बाबा पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसतात. माझं चुकलं का? आणि पॅरिसचं काय करू?"
– साताऱ्याची लेक, म्युनिक

साताऱ्याच्या लेकी,

बोलण्यात चुकलीस. त्याचं शेवटी बघू. आधी बाबांचं, कारण ते घरी का बसतात हे जीव गेला तरी ते तुला सांगणार नाहीत.

आमचे हे असेच. धाकट्याकडे हॉलंडला डिसेंबरात गेलो होतो, तेव्हा चौथ्या दिवसापासून यांचं एकच पालुपद, "मी घरीच बरा." मी आधी आळस समजले, मग हट्ट. आठवड्यानं एका स्टेशनवर हे दिसेनात म्हणून शोधत गेले, तर टॉयलेटच्या फाटकासमोर दहा युरोची नोट हातात धरून उभे. फाटकाला नाणं हवं होतं. चेहरा असा झालेला, की मी लग्नानंतर एवढ्या वर्षांत बघितला नव्हता. त्या रात्री कळलं, बाहेर जायचं असलं की हे सकाळपासून पाणीच पीत नव्हते.

थंडीत कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त आत ढकललं जातं, आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात. म्हणून गारठ्यात सारखं जावं लागतं. सत्तरीच्या पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास असला तर बघायलाच नको. बीपीच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते. त्यात अंगावर चार थर, हातात मोजे, आणि हाताशी वेळ कमी. हे माणूस लेकीला कसं सांगेल? त्यापेक्षा महाबळेश्वरचा बर्फ काढलेला बरा! वेण्णा लेकच्या काठावर दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. गाडीच्या टपावरून नखानं खरवडून तळहातावर घेण्याएवढा तो बर्फ, हे बाबांनाही ठाऊक आहे.

तू यातलं काही त्यांना विचारू नकोस. फक्त त्यांच्या कोटाच्या खिशात मूठभर नाणी टाकून ठेव आणि कुठंही पोचल्यावर पहिलं वाक्य तुझ्या नवऱ्याला म्हणायला सांग, "बाबा, मी टॉयलेटला जाऊन येतो, येता का?" म्युझियममध्ये, मोठ्या दुकानांत ही सोय असतेच. गोळ्यांची वेळ बदलावी का, ते साताऱ्याच्या डॉक्टरांना फोनवर विचारा, स्वतःच्या मनानं काही करू नका.

आता तुझं वेळापत्रक. डिसेंबरअखेर म्युनिकला सूर्य आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. आपल्याकडे ऐन थंडीतही अकरा तासांचा दिवस मिळतो, तिथं साडेआठ तासही मिळत नाही. शिवाय हिवाळ्यात तुमचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. तुमचे संध्याकाळचे पाच वाजले की बाबांच्या शरीरात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, निदान पहिला आठवडा तरी. सहा वाजता नाताळबाजारात नेऊन "मजा येतेय ना?" विचारलंस तर ते 'हो' म्हणतील आणि उभ्या उभ्या झोपतील. दहा ते दोन, एका दिवशी एकच ठिकाण, मधला दिवस मोकळा. मारिएनप्लात्झला अकराला किंवा बाराला टाऊन हॉलच्या मनोऱ्यातल्या बाहुल्या नाचतात. चौकात ताटकळण्यापेक्षा समोरच्या इमारतीत वर कॉफी घेत खिडकीतून बघा.

तो किल्ला मात्र मी रद्दच करीन. खालच्या गावातून वर अर्धा-पाऊण तास चढण आहे. बर्फ असला की वर जाणारी बस बंद असते, घोडागाडी मिळाली तरी ती किल्ल्याच्या अलीकडेच सोडते, आणि फोटोतला तो पूल, मारिएनब्रुके, निसरडं झालं की बंद ठेवतात. वर गेल्यावर आत पुन्हा जिने. सज्जनगडाच्या पायऱ्या बाबांनी चढल्या असतील, पण त्या कोरड्या होत्या. जायचंच असेल तर खालच्या होएनश्वांगाऊ गावातून किल्ला बघा, तळ्याकाठी थोडं थांबा आणि परत या. खालून तो जास्त देखणा दिसतो, असं माझं मत. आणि बुटांवर बाहेरून चढवायचे रबरी काटे मिळतात, ते दोघांनाही आण. साताऱ्याहून आणलेले स्पोर्ट्स शूज बर्फावर साबणासारखे सरकतात.

बाबा वर्कशॉपचा माणूस. डॉइचेस म्युझियमचा वाहनांचा विभाग थेरेझिएनवीज मैदानाजवळच्या जुन्या हॉलमध्ये आहे. तिथं इंजिनं, ट्राम, जुन्या मोटारी, सगळं छपराखाली, आणि बसायला जागा. तिथं त्यांना सोड आणि घाई करू नकोस. चेसिसखाली वाकून बघताना त्यांचे गुडघे दुखणार नाहीत, बघ. आणि एक दिवस नुसतं ट्रामनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, शहर खिडकीतून बघायचं.

आईचं तू पत्रात फारसं लिहिलं नाहीस. 'पर्स खाली ठेवली' एवढंच. आई नेसते काय? साडी असेल तर तिला रस्त्यावरच्या चिखलबर्फाचा जाच होणार. तिथं बर्फावर मीठ टाकतात. माझ्या इरकलीच्या काठाला त्या मिठाची पांढरी रेघ बसली होती, साताऱ्याला येऊन तीनदा धुतली तेव्हा गेली. सलवार-कमीज दे, आत थर्मल. नको म्हणाली तर दोनदा आग्रह कर, तिसऱ्यांदा सोड. आणि तिला तुझ्या रोजच्या भाजीबाजारात एकटीच घेऊन जा, बाबांशिवाय. तिथं ती बोलेल. २५, २६ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारीला तिकडे दुकानं बंद असतात, तेव्हा दूध आणि बाबांची औषधं आधीच भरून ठेव.

पॅरिस? पैसे परत मिळतात का बघ. नाहीच मिळाले तर बुडू देत, फक्त आकडा बाबांना कळू देऊ नकोस, ते रुपयांत करून आठवडाभर जेवणार नाहीत. काकांच्या ग्रुपवर फोटो हवा असेल तर मारिएनप्लात्झचा पुरे. त्यातल्या निम्म्यांना तो पॅरिसचाच वाटेल.

राहिलं तुझं बोलणं. आईच्या हातून निरोप धाडू नकोस, नवऱ्यालाही मध्ये घालू नकोस. तुमचे पहाटेचे चार म्हणजे साताऱ्याचे साडेआठ. बाबांच्या हिशेबानं तोवर दोन चहा होऊन पेपर वाचून व्हायला हवा. दिवा ते लावत नाहीत तो तुझी झोपमोड नको म्हणून, आणि गॅसऐवजी असलेली ती काचेची शेगडी त्यांना पेटवता येत नाही, हेही असेल. उद्या तू चारचा गजर लाव. दिवा लाव, आलं ठेचून दोघांपुरता चहा टाक. "बाबा, मी परवा वाईट बोलले," एवढंच म्हण, पुढं 'पण' लावू नकोस. ते बहुतेक म्हणतील, "जाऊ दे गं, साखर कमी घाल." मग त्यांना ती शेगडी कशी लावायची ते दाखव.