सायकलस्वाराच्या पोटातला घोडा

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा बायकांचा ग्रुप दर रविवारी पहाटे सायकलने घोडबंदरपर्यंत जाऊन येतो. त्या लिहितात, "मी 'आम्ही सायकलस्वार' म्हटलं की बाकीच्या हसतात. 'सायकलिस्ट' म्हण, असं सांगतात. कुणी 'सायकलपटू' सुचवतं. यातला बरोबर शब्द कोणता, आणि बाईसाठी वेगळं रूप आहे का?"

हसणाऱ्यांना बोल लावत नाही, घोळ वर्तमानपत्रांनी घातलाय. मराठी बातमीत 'सायकलस्वार' व्हायचं तर माणसाला आधी डंपरसमोर यावं लागतं. 'डंपरच्या धडकेत सायकलस्वार जखमी.' धडधाकट सायकलस्वार तुम्ही शेवटचा कधी वाचलात? तोच माणूस काश्मीर ते कन्याकुमारी करून आला की 'सायकलपटू', कॅरिअरला पावाची टोपली असेल तर 'सायकलवाला', आणि अंगाला चिकटलेली जर्सी घालून, बुटांची टकटक करत चहाच्या टपरीवर आला तर 'सायकलिस्ट'. वाहन एक, चाकं दोनच, पण जाती चार.

हे उगाच म्हणत नाही. मध्यंतरी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये आम्ही दोघे मित्र तिसऱ्याकडे नाश्त्याला गेलो. तो कार्बनच्या सायकलवर, मी माझ्या वीसेक किलोच्या काळ्या, कॅरिअरवाल्या सायकलवर. वॉचमनने त्याला सलाम ठोकला आणि मला हात दाखवला, "ओ सायकलवाले, मागच्या गेटने!" त्याची सायकल लिफ्टने वर गेली. माझी मीटररूमपाशी, अंडीवाल्याच्या सायकलीला टेकून उभी राहिली. परत आलो तेव्हा अंडीवाला तिची घंटी वाजवून बघत होता. "जुनी आहे, पण आवाज चांगला आहे," म्हणाला. त्या दिवसात माझ्या सायकलबद्दल कोणी काढलेला तेवढाच चांगला शब्द.

'पटू'चा निकाल चटकन लावतो. पटू म्हणजे निपुण. आमच्या ग्रुपात एकाने सायकलचे स्क्रू बदलून अकरा ग्रॅम वजन वाचवलं. ते त्याने सोनाराच्या काट्यावर मोजून आणलं आणि त्या आनंदात दोन प्लेट मिसळ खाल्ली. दुसऱ्या दोघांचं, साखळीला तेल घालावं की मेण, यावरून बोलणं बंद आहे. माणसाकडे किती सायकली असाव्यात याचं या मंडळींचं जगभर चालणारं उत्तर म्हणजे 'आहेत त्याहून एक जास्त'. यातल्या एकालाही पंक्चर काढता येत नाही. याला पाटव म्हणत नाहीत. 'सायकलिस्ट' हा इंग्रजी शब्द आहे, तो त्याच्या जागी सुखी राहो. बाय म्हणजे द्वि, सायकल म्हणजे चक्र, म्हणून बायसिकल आणि दुचाकी हे सख्खे, हे आता शाळेतली पोरंही सांगतात, तेव्हा तेही सोडतो.

खरी गंमत 'स्वार'मध्ये आहे. हा फारसी 'सवार'. त्याच्या मागे जा, प्राचीन इराणीत 'असबार' भेटतो. 'अस' म्हणजे अश्व, 'बार' म्हणजे आपल्या 'भार'चा भाऊ, दोघेही वाहणे या अर्थाच्या एकाच धातूचे. असबार म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. इराणात नक्श-ए-रुस्तम इथे कड्यात कोरलेल्या कबरीवर सम्राट डरायस स्वतःबद्दल सांगतो, 'असबार उवासबार अमिय्.' जरा कान देऊन वाचा. 'अमिय्' म्हणजे आपलं 'अस्मि', 'उव'मध्ये आपला 'सु' दडलाय. स्वार म्हणून मी उत्तम स्वार आहे! हा राजा इ.स.पू. ४८६ मध्ये गेला. आज प्रत्येक राईडचा वेग आणि चढ स्ट्राव्हा या ॲपवर टाकल्याशिवाय ज्यांना आंघोळ सुचत नाही, त्यांचा हा मूळपुरुष. फरक इतकाच, त्याने ते दगडात कोरलं, आणि कौतुक करायला अख्खं साम्राज्य बांधील होतं.

(या घोड्याचं दुसरं रूप 'अस्प'. पारशांच्या जामास्प, लोहरास्प या नावांत तो अजून उभा आहे. आणि १९२३ साली मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले तेही सहा पारशी तरुणच. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, ती पुरी करून १९२८ साली परतले. त्यांच्याइतका 'असबार' म्हणवून घ्यायचा हक्क कोणाला?)

म्हणजे घोडेस्वार हा शब्द मुळात 'घोडे-घोडेस्वार' आहे, पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र यांच्या पंगतीतला. आणि सायकलस्वार म्हणजे सायकलीवर बसलेला घोडेस्वार! मात्र असबाराला घोडा वाहतो. सायकलीवर वाहणाराही आपण आणि वाहिलेलाही आपणच. गायमुखच्या चढाला उतरून ढकलायची वेळ आली की घोड्यालाच स्वार वाहतो. ताई, तुमच्या ग्रुपाला हे मी सांगायला नको.

आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे पसंत नाही. त्यांच्या मते स्वार सरळ संस्कृत 'अश्ववार'वरून आला, फारसीचा काही संबंध नाही. अश्ववार संस्कृतात आहे, कोण नाही म्हणतंय? पण मराठीत स्वार एकटा आला नाही. तो खोगीर, जीन, लगाम, रिकीब, शिलेदार असा सगळा फारसी-अरबी बारदाना घेऊन आला. सगळा तबेला बाहेरून आला आणि स्वार तेवढा घरचा, हे मला पटत नाही. दुसरे एक गृहस्थ तर त्याहून पुढे गेले. 'स्व' अधिक 'आरा', म्हणजे स्वतःच्या चाकाच्या आऱ्यांवर चालतो तो स्वार! मी त्यांना विचारलं, मग घोड्याच्या पायांत आरा कुठे असतात? ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून विचार चालू आहे.

उलट मराठी माणसाने सायकलीकडे सुरुवातीपासून घोडा म्हणूनच पाहिलं, असं माझं मत आहे, आणि पुरावा क्रियापदात आहे. बैल हाकतात, होडी वल्हवतात, पण घोडा दामटतात, आणि सायकलही दामटतात. 'आपलंच घोडं दामटणे' म्हणतो तेच ते दामटणे. घोड्यावर मांड ठोकायची, सायकलवर टांग मारायची. जेलचं अस्तर लावलेली ती फुगीर चड्डी घालून मित्र पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "ही कसली खोगीरभरती?" मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले. खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबलेला काथ्या-चिंध्या. निरुपयोगी माणसांना आपण तो शब्द लावतो. इथे तो शब्दशः जागेवर बसला.

पुढे जाऊ. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो तो शिलेदार, 'सिलाह' म्हणजे शस्त्र. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. त्यातला 'बार' तोच, ओझं, आणि 'गीर' म्हणजे घेणारा, जहांगीरमधला. जहांगीर जग घेतो, बारगीर भार. (बंगाल्यांनी याच बारगिरांचे 'बोर्गी' केले आणि पोरांना त्यांची भीती घातली.) आता रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला उभे राहा. दोन लाखांची सायकल, वर कॅमेरा, दिवा, घड्याळ अशी सगळी हत्यारं लावून निघालेला तो शिलेदार. भाड्याची सायकल घेऊन आलेला तो बारगीर. आमच्या लहानपणी लालबागला अर्ध्या तासाचे आठ आणे देऊन सायकल मिळायची. सीट खाली होत नसे म्हणून तिरका पाय घालून 'कैची' मारत आम्ही सगळे बारगिरी करत होतो, फक्त शब्द माहीत नव्हता.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे कळत होतं. आमच्या ग्रुपात पंचवीस निघतात, चोवीस जणांच्या पाठीवर एनर्जी जेल असतं आणि पंप फक्त माझ्याकडे. मी नालबंद आहे. बिनपगारी.

आता 'पेलोटॉन'वाले. मोठ्या शर्यतीत सायकलींचा जो मुख्य घोळका एकत्र पळतो त्याला फ्रेंच लोक हा शब्द वापरतात, आणि आमचे लोक पाच जण टपरीवर उभे असले तरी वापरतात. एका कोशप्रेमी सद्गृहस्थांनी सांगितलं, याला मराठीत 'पलटण' म्हणा, शब्द एकच आहे. एकच म्हणणं धाडसाचं आहे. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जुना कोश पलटणीचं मूळ 'बटॅलियन'मध्ये शोधतो आणि प्लाटून-पेलोटॉनचा गोंधळ त्यात मिसळला असावा, एवढंच म्हणतो. पण समजा मान्य केलं. तरी पलटण पायदळाची असते! स्वारांची ती पागा, नाहीतर रिसाला. सायकलवाल्यांना पायदळात घालणारा माणूस व्युत्पत्ती जाणत असेल, पण त्याने कधी सायकल दामटलेली नाही.

घोड्याचा विषय निघालाच आहे तर मुंबईतला काळा घोडा. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तिथून १९६५ साली हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. २०१७ साली त्या परिसरात नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कोणी नाही. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. रविवारी तिथे सायकली टेकवून लोक फोटो काढतात. स्वाराविना घोडा आणि घोड्याविना स्वार, दोघे एका फ्रेममध्ये. मी हे तिथे मोठ्याने बोललो. एकजण म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का, चाक येत नाहीये फोटोत."

'राईड' या शब्दाचंही कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण विचारलं नसलं तरी सांगतो. 'सवारी'ची मराठीत 'स्वारी' झाली आणि तिचा थाट बदलला. टॅक्सीवाल्याची सवारी म्हणजे मागे बसलेलं गिऱ्हाईक. आपली स्वारी म्हणजे मोहीम, आणि घरात बोलताना प्रत्यक्ष नवरा. पहाटे साडेचारला मी अंधारात चाचपडत मोजे शोधतो तेव्हा पांघरुणातून आवाज येतो, "निघाली का स्वारी?" एका शब्दात स्वारही आला आणि मोहीमही. राईड म्हणून काय मिळवणार आहात?

हां, प्रश्न. शब्द 'सायकलस्वार'च, आणि ट्रकखाली न येता वापरायचा. बाईसाठी वेगळं रूप नको. फारसी व्याकरणात लिंगभेद नाही, मराठीत तो क्रियापद सांभाळून घेतं: सायकलस्वार आला, सायकलस्वार आली. 'सायकलस्वारीण' कोणी सुचवली तर तिला नालबंद करा आणि पंप तिच्याकडे द्या.