परदेशी अनुदानावर चालणाऱ्या माध्यमांनी म्यानमारमधील रोहिंग्या मुस्लिमांच्या प्रश्नाच्या बातम्या एकांगी दिल्या का? कोणावर विश्वास ठेवावा?

यांगूनमधील अशाच एका वृत्तसंस्थेच्या इंग्रजी आवृत्तीत मी २०१६ ते २०१८ या काळात उपसंपादक होतो. संस्थेचे नाव देत नाही, कारण तेथील काही सहकारी अजून म्यानमारमध्येच आहेत. आमच्या बातम्या एकांगी होत्या, हे मी मान्य करतो. परंतु त्या पैसे देणाऱ्याच्या बाजूला झुकलेल्या होत्या, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मी स्वतः पाहिलेल्या गोष्टींशी जुळत नाही.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आर्सा’ या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने म्यानमारच्या पश्चिमेकडील रखाइन प्रांतातील पोलीस चौक्यांवर हल्ले केले, त्यानंतर लष्कराची कारवाई सुरू झाली आणि काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात गेले. आमच्या इंग्रजी आवृत्तीत ‘रोहिंग्या’ हाच शब्द वापरण्याचा दंडक होता. अनुदान देणाऱ्या युरोपीय संस्थेचे लोक तीच आवृत्ती वाचत आणि समाधानी असत. मला कामापुरते बर्मी बोलता येई, वाचता मात्र येत नसे. सप्टेंबरमधील एका रात्री शेजारच्या टेबलावरील बर्मी उपसंपादिकेने आमच्याच संस्थेची त्याच दिवसाची बर्मी बातमी मला वाचून दाखवली. मी जेथे ‘जळालेल्या गावांतून पळालेले रोहिंग्या’ असे लिहिले होते, तेथे ‘बंगाली’, म्हणजे बांगलादेशातून आलेले परके, असा शब्द होता, आणि गावे त्या लोकांनी स्वतःच पेटवली हा सरकारचा दावा कोणतीही शंका न घेता छापलेला होता. ती बातमी लिहिणारा वार्ताहर लष्करी राजवटीत तुरुंगवास भोगून आलेला होता, त्यामुळे लष्कराच्या प्रेमापोटी त्याने तसे लिहिले असे म्हणण्यास जागा नव्हती. त्याने मला शांतपणे सांगितले की, देशाच्या १३५ मान्य वांशिक गटांच्या यादीत ‘रोहिंग्या’ हे नाव नाही आणि आपले वाचक ते ऐकून घेणार नाहीत. मी संपादकांकडे गेलो. दोन्ही आवृत्त्यांचे वाचक वेगळे आहेत, एवढेच उत्तर मला मिळाले.

ही केवळ आमच्या कार्यालयातील गोष्ट नव्हती. त्याच महिन्यात बीबीसीच्या बर्मी सेवेने कार्यक्रमांत होणाऱ्या काटछाटीमुळे एमएनटीव्ही या स्थानिक वाहिनीशी असलेला करार संपवला. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ फ्री एशियाने २०१८ मध्ये ‘रोहिंग्या’ हा शब्द वापरण्यावरून डीव्हीबी या म्यानमारी वाहिनीवरील आपले कार्यक्रम मागे घेतले. आणि डीव्हीबी ही १९९२ मध्ये नॉर्वेतून सुरू झालेली, वर्षानुवर्षे परदेशी मदतीवर जगलेली संस्था आहे.

साताऱ्यात माझ्या थोरल्या भावाशी याच विषयावर माझा जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०१७च्या अखेरीस लष्कराने उत्तर रखाइनमध्ये ४५ हिंदूंचे मृतदेह सापडल्याचे जाहीर केले. ती माहिती लष्कराकडून आली होती आणि लष्कर आपला वापर करून घेईल या भीतीने आम्ही ती दोन ओळींत उरकली. मे २०१८ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने, आर्साने ९९ पर्यंत हिंदूंची हत्या केल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा दादाने मला फोनवर विचारले, “तुला पगार कोण देतं, ते सांग आधी.” ते मृत्यू आम्ही झाकोळले, हे त्याचे म्हणणे खरे होते आणि मला त्याची आजही लाज वाटते. पण ते सत्य पुढे आणणारी संस्थाही परदेशीच होती, हे तो कधी लक्षात घेत नाही.

म्हणून पैशाचा माग काढण्यापूर्वी, दिलेली माहिती पुढे टिकली का, ते पाहा. रखाइनमधील इन दिन गावातील १० रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा छडा रॉयटर्ससाठी वा लोन आणि क्याव सो ऊ या दोन म्यानमारी पत्रकारांनी लावला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना अटक झाली, आणि जानेवारीत लष्करानेच त्या हत्या सैनिकांच्या हातून झाल्याचे कबूल केले. शिक्षा झालेले ७ सैनिक वर्षभराच्या आत सुटले. पत्रकारांनी ५००हून अधिक दिवस तुरुंगात काढले. परदेशी कंपनीची बातमी म्हणून ही खोटी ठरवायची असेल, तर लष्कराची कबुलीही खोटी ठरवावी लागेल.

अर्थात मी एकाच कार्यालयाचा अनुभव सांगत आहे. अनुदानाचा परिणाम होतच नाही, असेही नाही. कोणत्या विषयावर वार्ताहर पाठवायचा हे पुष्कळदा प्रकल्पाच्या कागदांवरून ठरत असे, आणि रखाइन बौद्धांच्या गरिबीवर आमच्याकडून फारच थोडे लिहिले गेले. दादाने मला पगाराविषयी विचारले. त्याऐवजी तुमच्या संस्थेची बर्मी आवृत्ती तुझ्या साहेबांपैकी कोण वाचते, असे त्याने विचारले असते, तर माझ्याकडे उत्तर नसते.