सरकारी ऑफिसला फायरवॉल विकायचाय, चुकतंय कुठं?

प्रश्न: मी खानापूरचा, बेळगावात नेटवर्किंगची कामं करतो. एका सरकारी ऑफिसच्या टेंडरला फायरवॉलचा (नेटवर्कवर बाहेरून येणारे हल्ले अडवणारा डबा) रेट अगदी कमी टाकला होता तरी टेक्निकललाच बाहेर काढलं, म्हणे कंपनीचं ऑथोरायझेशन लेटर नाही. आता काय करू?

उत्तर: दादा, दोन पाकिटांच्या टेंडरात (एकात टेक्निकल कागद, दुसऱ्यात रेट) आधी टेक्निकल उघडतात, तिथं अडकलात की तुमचा रेट कुणी बघतच नाही. ते लेटर म्हणजे माल बनवणारी कंपनी लिहून देते की हा आमचा माणूस, वॉरंटी आणि अपडेटला आम्ही मागं आहोत, आणि बऱ्याचदा त्यावर त्याच टेंडरचा नंबर लागतो, म्हणून टेंडर निघाल्या दिवशीच डिस्ट्रिब्युटरला फोन लावा, शेवटच्या दोन दिवसात कोण देत नाही. कर्नाटक राज्याची ऑफिसं १९९९ च्या केटीपीपी कायद्यानं, म्हणजे राज्याच्या सरकारी खरेदीच्या कायद्यानं, राज्याच्या पोर्टलवर खरेदी करतात, केंद्राची जेमवर, म्हणजे केंद्राच्या खरेदी पोर्टलवर, तेव्हा दोन्हीकडं रजिस्टर व्हा. कन्नड कागद नीट वाचणारा माणूस सोबत पाहिजेच, अटी तिथंच असतात.

आणि नुसता डबा विकू नका हो. मी कितीतरी ऑफिसात बघितलंय, रॅकमध्ये फायरवॉल धूळ खात चालू असतो आणि अपडेटचं लायसन्स कधीच संपलेलं, म्हणजे नव्या व्हायरसची त्याला खबरच नाही. सर्ट-इन म्हणजे केंद्राची सायबर सुरक्षेची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं सरकारी ऑफिसांनासुद्धा हल्ला झाल्याचं कळल्यापासून ६ तासात तिला कळवावं लागतं, लॉग, म्हणजे यंत्रातल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. साहेबांना हे सांगा, आणि कोटेशनमध्ये ३ वर्षांचं लायसन्स आणि लॉगची जागा पहिल्यापासनं धरा.