जमीन कुणाला, आणि विचारलं कुणाला?

प्रिय मावशी,

मी मूळची तासगावची. नऊ वर्षांपूर्वी आयर्लंडला आले, इथेच लग्न केलं. नवरा पूर्व गॉलवेतल्या शेतकरी घरातला, पण नोकरीमुळे आम्ही दोघं शहरात राहतो. सासऱ्यांची 80 एकर जमीन आहे, गाई आणि थोड्या मेंढ्या. येत्या वर्षात ते सगळी जमीन, घरासकट, मोठ्या दिरांच्या नावावर करणार आहेत. दीर 46 वर्षांचे, लग्न केलेलं नाही, शाळा सुटल्यापासून शेतातच. माझ्या नवऱ्याला 'घर बांधायला साईट देऊ' एवढं तोंडी सांगितलंय, नणंदेला काहीच नाही. मागच्या ख्रिसमसला जेवताना मी विचारलं, 'बाकीच्या दोघांचं काय?' सगळे गप्प झाले. सासूबाई पुडिंग आणायला उठून गेल्या. परतताना नवरा गाडीत म्हणाला, 'हा प्रश्न तू विचारायचा नव्हतास.' या डिसेंबरात माझे आईवडील पहिल्यांदाच इकडे येतायत. त्या घरी जाऊच नये असं वाटतं. भावासाठी मी 2019 मध्ये हक्कसोड पत्रावर सही केली, एक शब्द बोलले नाही. मी हावरी नाही हे इथे कुणाला कसं पटवू?

— न विचारलेली सून, गॉलवे

पोरी,

हक्कसोडीचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस. मी मात्र तिथेच अडखळले, कारण तशी सही मीही केली आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसून, मांडीवर भावाने आणलेल्या साडीची पिशवी. जमीन मला नको होती, आजही नको. पण 'ताई, तुझ्या मनात काय आहे?' एवढं त्याने विचारावं असं फार वाटत होतं. त्याने पेन पुढे केलं. 2005 च्या कायद्याने मुलीला मुलाइतका वाटा दिला. तो सोडताना तिला विचारायचं असतं, हे आपल्या घरांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

मला वाटतं, तासगावात गिळलेला प्रश्न गॉलवेच्या टेबलावर तुझ्या तोंडून निघाला. तू हावरी नाहीस. पण ऐकणाऱ्यांना तो वाटणीचा प्रश्न वाटला, आणि आयरिश शेतकऱ्याच्या घरात वाटणी हा शब्द फार जुन्या जखमेवर पडतो.

आपल्याकडे बापाची जमीन पोरांत वाटायचीच, मग एकरांचे गुंठे झाले तरी चालेल. तिकडे 1704 मध्ये प्रोटेस्टंट राज्यकर्त्यांनी कायदा केला, की कॅथलिक माणूस मेला की त्याची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाईल. थोरला प्रोटेस्टंट झाला तर मात्र सगळी त्याला. कॅथलिकांच्या हातात मोठी जमीन राहू नये म्हणून केलेली ती सोय होती. पुढे गरीब कुळांची शेतंही पिढीगणिक फुटत गेली. एवढ्याशा तुकड्यावर बटाट्याशिवाय दुसरं काही पोट भरेना, आणि 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने गेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यानंतर घराघरांत रीत पक्की झाली: शेत फोडायचं नाही. एकाला जमीन, बाकीच्यांनी जहाज गाठायचं. जमीन स्वतःच्या मालकीची झाली ती तर त्याहून उशिरा, मुख्यतः कुळांना जमीनदाराकडून जमीन विकत घेता यावी म्हणून झालेल्या 1903 च्या कायद्यानंतर. म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्या काळात. ज्या घरात मालकी इतकी ताजी आहे, तिथे बांध मोडायची भाषा कुणाला ऐकवत नाही.

ही रीत मला न्यायाची वाटत नाही. तिने मुलींना फार थोडं दिलं, तुझ्या नणंदेला अजूनही देत नाहीये. पण दिरांबद्दल तू जरा थांबून विचार कर. शाळा सुटल्यापासून आज 46 व्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळजवळ 28 वर्षं, फेब्रुवारीच्या रात्री कुणाची गाय अडली तर गोठ्यात कोण उभं राहिलं? मुरघासाचे गठ्ठे कुणी रचले? त्याचा त्यांना कधी रीतसर पगार मिळाला असेल, असं मला वाटत नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक झाली, ती 'कसेल त्याची जमीन' याच न्यायाने. तो न्याय तासगावात खरा असेल तर गॉलवेतही खराच आहे. शिवाय गाईखाली वासरं वाढवायची तिथली शेती 80 एकरांवरही जेमतेम चालते, अनेक घरांत जोडीला नोकरी लागते. तिचे तीन भाग केले तर तिघांपैकी एकालाही ती पुरणार नाही.

सासऱ्यांच्या घाईचीही कारणं असू शकतात. शेती करणाऱ्या मुलाला जमीन दिली, तर वारसा करासाठी तिची किंमत 90 टक्क्यांनी कमी धरतात. जमीन 8 लाख युरोंची असेल तर कर मोजायला 80 हजारच उरतात, आणि आईबापांकडून मुलाला मिळणारे 4 लाखांपर्यंत करमुक्त आहेत. अट अशी, की घेणाऱ्याच्या मालमत्तेत 80 टक्के शेतीच असावी. ते दिरांना जमेल, शहरात घर असलेल्या तुझ्या नवऱ्याला अवघड. दुसरं, उद्या सासू-सासऱ्यांपैकी कुणाला नर्सिंग होम लागलं, तर सरकारी योजनेत दोघांच्या मालमत्तेतल्या त्याच्या निम्म्या वाट्याच्या साडेसात टक्के दरवर्षी मोजले जातात, आणि आधीच्या पाच वर्षांत दुसऱ्याच्या नावावर केलेलंही त्यात धरतात. वय वाढलेल्या माणसाने ही आकडेमोड करून पाऊल उचललं, तर ते मला चुकीचं वाटत नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. तुझ्या पत्रात 'बाकीच्या दोघांचं' आहे, पण तिसरं माणूस आहेच: पुडिंग आणायला उठून गेलेल्या सासूबाई. नवरा गेल्यावर बायकोला मालमत्तेचा किमान तिसरा हिस्सा तिथल्या कायद्याने मिळतो. पण हयातीतच जमीन दिली गेली, तर मागे वाटायला उरतं काय? त्या आज ज्या चुलीशी उभ्या आहेत, तिथे मरेपर्यंत राहण्याचा हक्क त्यांच्या नावाने कागदावर आला पाहिजे. उद्या दिरांनी लग्न केलं, किंवा दुर्दैवाने तेच आधी गेले, तर तोंडी शब्द कुणाला बांधणार? त्यांच्या हातात एक गोष्ट आहे. 1976 च्या कायद्यामुळे राहतं घर त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणाच्या नावावर करता येत नाही. ती सही करण्याआधी त्यांनी सासऱ्यांच्या सॉलिसिटरला नको, स्वतःच्या वेगळ्या सॉलिसिटरला भेटावं. हे त्यांना कुणी सांगितलं आहे का, मला शंका आहे. हातात पेन देऊन बसवलेल्या बाईचं काय होतं, हे तुला आणि मला माहीत आहे.

साईटचं सोपं आहे. मुलाला स्वतःचं घर बांधायला एक एकरापर्यंतची जागा दिली आणि तिची किंमत 5 लाख युरोंच्या आत असली, तर सासऱ्यांना नफ्यावरचा कर लागत नाही. पण सगळी जमीन दिरांच्या नावावर गेल्यावर साईट द्यायची, तर ती बापाकडून मुलाला राहत नाही, भावाकडून भावाला होते, आणि मग ही सवलत नाही. म्हणून साईटचा कागद आधी किंवा त्याच दिवशी. बांधकामाची परवानगी ही पुढची वेगळी लढाई आहे. हे बोलायचं मात्र तुझ्या नवऱ्याने. त्याआधी एका संध्याकाळी त्यालाच विचार, की त्या घरातून त्याला काय हवं आहे. गाडीतल्या त्या वाक्याने तू दुखावलीस, ते मी समजू शकते. पण पत्रभर शोधलं, तू त्याला हे कधी विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही. कदाचित त्याला जमीन नकोच असेल. कदाचित गाईंमध्ये वाढलेल्या पोराला शहरात पाठवलं, याचंच त्याला दुःख असेल.

नणंदेच्या वतीने तू बोलू नकोस. ती मोठी आहे. तिला फोन कर, आणि तिचं ऐकून घे.

ख्रिसमसला जा. आईवडिलांना घेऊन जा. टेबलावर जमिनीचा विषय काढू नकोस, दुसऱ्याने काढला तरी बटाटे पुढे सरकव. बोलण्यासाठी त्यांच्याच परंपरेत एक दिवस आहे: 6 जानेवारी, नॉलिग ना मॉन, बायकांचा ख्रिसमस. महिनाभर राबलेल्या बायका त्या दिवशी घरकाम पुरुषांवर सोपवतात आणि एकमेकींकडे चहाला जातात. त्या दिवशी सासूबाईंना आणि नणंदेला तुझ्या घरी बोलाव. खायला तुझ्या हातचं कर. मागच्या वर्षीच्या प्रश्नाबद्दल माफी मागायची असेल तर वेळेबद्दल माग, प्रश्नाबद्दल नको. मग सासूबाईंना विचार, 'तुम्हाला काय हवं आहे?' उत्तर लगेच येणार नाही. चहा पुन्हा गरम कर. चॅगस्क ही तिकडची शेती सल्ल्याची सरकारी संस्था शेत पुढच्या पिढीकडे सोपवण्याबद्दल मार्गदर्शनाच्या बैठका घेते. सगळ्यांनी मिळून तिथे जावं, हे सासूबाईंच्या तोंडून निघालं तर सासरे ऐकतील. फेब्रुवारीत गाई व्यायला लागल्या की त्या घरात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसेल, म्हणून जानेवारी दवडू नकोस.

ख्रिस किंडल, म्हणजे चिठ्ठी उचलून एकाच माणसासाठी भेट आणायची तिकडची पद्धत, त्यात ज्याचं नाव येईल त्याच्याचसाठी भेट घे, ठरलेल्या रकमेतली घे.

आईवडील शाकाहारी असतील तर सासूबाईंना आठवडाभर आधी कळव. भाजलेले बटाटे त्या बहुधा बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत करत असतील, आणि पुडिंगमध्ये गाईची चरबी असू शकते. तेलातल्या बटाट्यांचा वेगळा ट्रे त्या आनंदाने लावतील. यजमानीणबाईला ऐनवेळी कळण्यासारखं वाईट काही नाही.

आणि हे आईला आत्ताच फोन करून सांग: साजूक तूप, पेढे, खवा यांपैकी काही बॅगेत घालू नका. दूधदुभतं आणि मांस बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. आपल्याकडे लाळ-खुरकत गावोगाव असते. तिकडे 2001 मध्ये तिची एक केस लाउथ परगण्यात निघाली आणि हजारो जनावरं मारावी लागली. सासऱ्यांना तो काळ आठवत असेल. तुझे वडील गोठा बघायला मागतीलच, जन्म म्हशींमध्ये गेलेला माणूस टेबलाशी किती वेळ बसेल? त्यांचे बूट दाराशी काढून ठेव आणि सासऱ्यांचे जास्तीचे गमबूट त्यांना दे. दोघांना इंग्रजीची अडचण पडणार नाही. तू सोबत जाऊ नकोस.

— मावशी