गेम फुकट, मग स्टुडिओ अब्जावधीचा कसा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सुपरसेलसारखा स्टुडिओ एवढ्या पैशाला विकला जातो, पण गेम तर फुकट डाउनलोड होतो. घेणारा नेमकं घेतो काय? आणि तेव्हा त्यांच्याकडे गेम तरी किती होते?

उत्तर: दोनच. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानच्या सॉफ्टबँक आणि गंगहो या कंपन्यांनी मिळून फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या या मोबाईल गेम स्टुडिओचा ५१ टक्के हिस्सा साधारण दीड अब्ज डॉलरला घेतला, तेव्हा बाजारात त्यांचे 'हे डे' आणि 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' एवढेच गेम होते, दोन्ही २०१२ चे. पुढे २०१६ मध्ये चीनची टेन्सेंट कंपनी आणि तिच्या जोडीदार गुंतवणूकदारांनी ८४.३ टक्के हिस्सा ८.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तोवर गेम झाले होते चार आणि माणसं दोनशेच्या आसपास.

घेणारा बघतो तो रोज परत येणारा प्लेअर. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये आपलं गाव वसवायचं असतं, त्यातली मुख्य इमारत म्हणजे टाउन हॉल अपग्रेडला लावला की बांधकाम करणारा बिल्डर कितीतरी दिवस अडकून पडतो, तोवर मधेमधे येऊन सोनं गोळा करायचं, क्लॅनमधल्या, म्हणजे आपल्या गटातल्या, कुणाला तरी सैनिक पाठवायचे, आणि थांबायचं नसेल तर जेम्स, म्हणजे गेममधली रत्नं, खऱ्या पैशाने विकत घेऊन काम लगेच उरकायचं. बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत, देणारे थोडेच, पण ते वर्षानुवर्षं खेळत राहतात आणि कमाई तिथेच होते. म्हणून पहिल्या, सातव्या, तिसाव्या दिवशी किती जण परत आले, म्हणजे रिटेन्शन, हा आकडा डाउनलोडपेक्षा जास्त बोलतो. जाहिरातीवर एक प्लेअर आणायला लागलेला खर्च त्या प्लेअरकडून पुढे वसूल होतोय का, यावर सगळा हिशोब.

पण माझ्या मते सुपरसेलची खरी किंमत त्यांनी बंद केलेल्या गेम्समध्ये आहे. कंपनी २०१० ची, पहिला गेम 'गनशाइन' ब्राउझरवर चालायचा, तो त्यांनी स्वतःच गुंडाळला आणि टॅबलेट-मोबाईलकडे वळले. नंतर 'स्मॅश लँड' मोजक्या देशांत सॉफ्ट लाँच, म्हणजे चाचणीपुरता सुरू, करून बघितला आणि २०१५ मध्ये बंद केला. गेम मारायचा का ठेवायचा हे ती छोटी टीमच ठरवते, ज्याला ते 'सेल' म्हणतात, वरून सीईओ इल्का पानानेन सांगत नाहीत. टेन्सेंटने घेतल्यावरही ऑफिस हेलसिंकीतच राहिलं, निर्णयही तिथेच राहिले, आणि २०१८ च्या शेवटी 'ब्रॉल स्टार्स' आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

प्लेअर परत आलेच नाहीत असं उलटं उदाहरण ओएमजीपॉप या स्टुडिओचं. २०१२ च्या सुरुवातीला त्यांचा 'ड्रॉ समथिंग' धडाक्यात चालला, झिंगा या अमेरिकी गेम कंपनीने मार्चमध्ये साधारण १८ कोटी डॉलर देऊन कंपनी घेतली, आणि लगेच प्लेअर गळायला लागले. २०१३ मध्ये ते ऑफिसच बंद. चित्र काढायचं, समोरच्याने ओळखायचं, खूप मजा, पण महिन्याभराने परत यायला त्यात काहीच नव्हतं. वाईट वाटतं, कारण टीम चांगली होती.

प्रश्न: मी एका छोट्या स्टुडिओत आर्टिस्ट आहे. मोठी कंपनी आम्हाला घेतेय, थोडे पैसे आता आणि बाकी 'अर्न-आउट' म्हणतायत. सही करण्याआधी काय बघू?

उत्तर: अर्न-आउट म्हणजे उरलेली रक्कम पुढच्या वर्षांच्या कामगिरीवर ठरणार. झिंगाने 'एम्पायर्स अँड पझल्स' गेमवाल्या स्मॉल जायंट स्टुडिओचा ८० टक्के हिस्सा ५६ कोटी डॉलरला घेतला, बाकीचे २० टक्के तीन वर्षांत, नफ्यावर अवलंबून, असं ठरलं होतं. पद्धत वाईट नाही. पण आधी विचारा की कामगिरी मोजणार कशावर, कमाईवर का नफ्यावर? नफ्यावर असेल तर जाहिरातीचं बजेट कोण ठरवणार? कारण नवीन मालकाने उद्या प्लेअर वाढवायला जाहिरातीवर बक्कळ खर्च केला तर गेम वाढेल पण त्या वर्षीचा नफा खाली येईल, आणि तुमचा हप्ताही. मग हे बघा की अर्न-आउट फक्त फाउंडर्सना आहे का टीमलाही, तुमचे न व्हेस्ट झालेले, म्हणजे ठरलेली मुदत न भरल्याने अजून पूर्ण तुमचे न झालेले, शेअर विक्रीनंतर राहतात का जातात, आणि नोकरीवरून काढलं तर त्यांचं काय होतं. तोंडी 'बघू, करू' चालणार नाही, कागदावरच घ्या, आणि सही करायच्या आधी स्वतःचा वकील गाठा, कंपनीचा नव्हे.

प्रश्न: माझा आवडता गेम विकला गेला. माझं अकाउंट जाईल का?

उत्तर: विकल्यामुळे सहसा नाही, उलट चालू प्लेअर हाच तर त्यांनी घेतलेला माल आहे. तरी गेस्ट म्हणून, म्हणजे लॉगिन न करता, खेळत असाल तर आजच सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट ईमेलला किंवा गेमच्या आयडीला जोडा, आणि सर्व्हर बंद होत असल्याची नोटीस आली तर त्यानंतर त्यात पैसे घालू नका.