'वेगांचं वितरण' लिहायचं की 'चालींचं'?

ऐरोलीला शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, की तापलेल्या वायूतल्या अणूंच्या स्पीडचं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे किती अणू किती जोरात पळतायत याचा हिशोब, मराठीत लिहिताना 'वेगांचं वितरण' म्हटलं तर चालेल का.

बोलण्यात चालतंच, घोडबंदर रोडला वेगमर्यादा असते, तिला चालमर्यादा कोणी म्हणत नाही. पण इथे नका लिहू ताई, कारण इथे शब्द बदलला की आलेखच बदलतो. शाळेच्या पुस्तकात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, वेगाला दिशा असते. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणारी माणसं आठवा, कोणी रमतगमत, कोणी झपाझप, आणि तळ्याभोवती असल्यामुळे तोंडं सगळ्या दिशांना, मग दिशा धरून सरासरी काढली तर जवळपास शून्यच येणार, आणि थांबलेलं तर कोणीच नाहीये! डब्यातल्या अरगॉन वायूचं तेच, 27 अंश सेल्सिअसला चालींची सरासरी सेकंदाला साधारण 400 मीटर आणि वेगांची सरासरी शून्य. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या 1860 च्या लेखात दोन्ही गोष्टी आहेत: एका दिशेतल्या वेगाचा आलेख (आडवा वेग, उभं अणूंचं प्रमाण) शून्याभोवती घंटेसारखा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि चालींचा आलेख शून्यापासून निघून टेकाड चढतो आणि उजवीकडे लांब शेपूट सोडतो.

आता तापवा. 27 चे 927 अंश केले म्हणजे केल्व्हिनमध्ये 300 चे 1200, तापमान चौपट पण सरासरी चाल दुप्पटच, कारण ती तापमानाच्या वर्गमुळावर जाते. टेकाड उजवीकडे सरकतं, उंची निम्मी होते, पसारा दुप्पट, खालचं क्षेत्रफळ तेवढंच कारण अणू तेवढेच. म्हणून 'तापवलं की सगळेच अणू जोरात पळतात' असं मुलांना अजिबात सांगू नका, रेंगाळणारे तेव्हाही असतात, फक्त त्यांचं प्रमाण घटतं.

'वाटप' मला नको वाटतं, वाटपाला रेशनसारखा कोणीतरी देणारा लागतो, इथे अणू एकमेकांवर आपटूनच हे घडतं. 'वितरण' संख्याशास्त्रात रुळलाय, तोच ठेवा. मात्र अनेकवचन हवं, 'चालींचं', 'चालीचं' म्हटलं की गाण्याची चाल आठवते आणि अणू अनेक, चाली अनेक हेही हरवतं.

आणि 'अणू' हे अरगॉन, हेलियमसारख्या एकेकट्या राहणाऱ्यांसाठी बरोबर, साध्या हवेबद्दल लिहीत असाल तर 'रेणू' लिहा.