गोळ्यांशिवाय खर्च नाहीच म्हणे!

प्रश्न : सासूबाईंना ३ वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. त्यांना एकटं ठेवता येईना म्हणून मी जॉब सोडला. नवरा आणि दीर हिशोबाला बसले की म्हणतात, गोळ्यांशिवाय आईचा असा खर्च काही नाहीच. डोकं फिरतं. आणि हा आजार हल्लीच एवढा का ऐकू येतो, पूर्वी नव्हता का?

उत्तर : ताई, होता की. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्येच अशा एका पेशंटबद्दल सांगितलं होतं, पण तेव्हा फार लोक एवढं जगायचेच नाहीत आणि जगले तर म्हातारचळ लागलाय म्हणून विषय संपायचा. पासष्टीनंतर दर ५ वर्षांनी याची शक्यता साधारण दुप्पट होत जाते, त्यामुळे आयुष्य वाढलं तसे पेशंटही वाढले. २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख होते, आणि दरवर्षी जवळपास १ कोटींची भर पडते. युरोप-अमेरिकेत काही ठिकाणी तर त्याच वयात हा आजार होण्याचं प्रमाण उलट कमी झालंय, तरी आकडा वाढतोच, कारण म्हातारी माणसंच जास्त झालीत.

आता तुमच्या घरातल्या हिशोबनीसांकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ मध्ये या आजाराचा जगभरातला खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता आणि त्यातला जवळपास निम्मा औषधांचा नाही, हॉस्पिटलचा नाही, तो घरच्या माणसांनी फुकट केलेल्या सेवेचा आहे, दिवसाला सरासरी ५ तास, आणि त्यातले ७० टक्के तास बायकांचे. म्हणजे तुम्ही! तुमचा गेलेला पगार, अडलेलं प्रमोशन, पुढची पेन्शन हे वेगळंच.

एक वही करा. रात्री २ वाजता सासूबाई दार उघडायला गेल्या, लिहा. नळ चालू राहिला, लिहा. 'मला घरी कधी सोडणार?' याला दहाव्यांदा उत्तर दिलं, तेही लिहा, वेळेसकट. आठवडाभराने त्या तासांना बाहेरच्या केअरटेकरचा रेट लावून बेरीज दोघांपुढे ठेवा. तरी पटलं नाही तर रविवारी सकाळी तुम्ही सरळ बाहेर पडा, दोघांपैकी एकाला आईजवळ बसवा, आणि त्या दिवशीची वही त्यालाच भरायला सांगा.